दुसऱ्या आणि तिसऱ्या मताचा पेच : टांगानिकाची १९५८-५९ ची निवडणूक

ब्रिटिश अमलाखालच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्यभूमीत, कायदे कौन्सिलसाठी पहिली सार्वत्रिक म्हणावी अशी निवडणूक सप्टेंबर १९५८ आणि फेब्रुवारी १९५९ अशा दोन टप्प्यांत झाली. तिचे नियम सत्ताधाऱ्यांनी अशा बेताने आखले होते की बहुसंख्याक समाजाचा पक्ष त्यांत उतरला तरी अडचणीत यावा आणि बाहेर राहिला तरी अडचणीत यावा. त्या पक्षाने काय केले, का केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा प्रकरण अभ्यास आहे. यात फक्त सार्वजनिक नोंदीतल्या व्यक्तींची नावे घेतली आहेत. पक्षाचे शाखाचालक, मतदार आणि सरकारी कर्मचारी यांचा उल्लेख केवळ त्यांच्या भूमिकेपुरता आहे.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून ब्रिटनकडे आलेला हा मुलूख १९४६ पासून संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश होता. त्यामुळे इथल्या कारभाराचा जाब केवळ लंडनमध्ये नव्हे, तर न्यूयॉर्कमधल्या विश्वस्त मंडळापुढेही द्यावा लागे. दर तीन वर्षांनी एक पाहणी पथक येई. १९५४ च्या पथकात भारताचे रिखी जयपाल होते. प्रदेशाला वीस-पंचवीस वर्षांत स्वराज्य देता येईल असे त्या पथकाच्या अहवालात म्हटल्यावर ब्रिटिश सरकार चांगलेच नाराज झाले होते. पुढे जे घडले ते सात वर्षांत घडले, हे तेव्हा अहवाल लिहिणाऱ्यांच्याही ध्यानीमनी नसावे.

कायदे कौन्सिल १९२६ पासून होते, पण त्यातले सगळे सभासद सरकारनियुक्त असत. पहिले दोन आफ्रिकी सभासद नेमले जायला १९४५ साल उजाडले, आणि तेही दोघे पारंपरिक टोळीप्रमुख होते. गव्हर्नर सर एडवर्ड ट्वायनिंग यांच्या काळात, १९५५ मध्ये, कौन्सिलची फेररचना झाली. एकूण ६१ सभासदांपैकी ३१ सरकारी बाजूचे होते आणि उरलेल्या ३० मध्ये १० आफ्रिकी, १० आशियाई व १० युरोपीय अशी समान वाटणी होती. या समानतेचा अर्थ लोकसंख्येशेजारी ठेवल्यावर कळतो. १९५७ च्या शिरगणतीनुसार आफ्रिकी लोकसंख्या सुमारे ८६ लाख होती, भारतीय व पाकिस्तानी वंशाचे लोक सत्तर हजारांच्या आसपास होते आणि युरोपीय अवघे वीस-एकवीस हजार. (याच शिरगणतीत गोवेकरांची नोंद भारतीयांत न करता वेगळ्या रकान्यात केली आहे, कारण ते पोर्तुगीज प्रजाजन होते. गोव्याबाहेर गेलेल्या गोवेकराला वसाहतीच्या कागदांवर असे स्वतःचे घर मिळाले, हा एक अजब योग.)

७ जुलै १९५४ रोजी दार-ए-सलाममध्ये टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन, अर्थात टानू, हा पक्ष स्थापन झाला. अध्यक्ष होते ज्युलियस न्येरेरे. एडिंबरा विद्यापीठातून एम. ए. होऊन आलेले आणि पुगूच्या मिशनरी शाळेत शिकवणारे हे गृहस्थ पुढच्याच वर्षी विश्वस्त मंडळापुढे बाजू मांडून आल्यावर नोकरी सोडून पूर्ण वेळ राजकारणात आले. तीन वर्षांत पक्षाची सभासदसंख्या लाखांत गेली. सरकारने काही जिल्ह्यांत शाखांना परवानगी नाकारली आणि १९५७ च्या सुरुवातीला न्येरेरे यांच्या जाहीर भाषणांवर बंदी घातली. दुसरीकडे फेब्रुवारी १९५६ मध्ये गव्हर्नरच्या उघड प्रोत्साहनाने युनायटेड टांगानिका पार्टी (यूटीपी) उभी राहिली. तिन्ही वंशांना समान वाटा हे तिचे सूत्र होते. पैसा, प्रतिष्ठित नावे आणि सरकारची मर्जी यांपैकी तिला काहीच कमी नव्हते. कमी होते ते फक्त लोक.

या प्रकरणात पुन्हा पुन्हा आड येणारी एक बाब इथेच नोंदवून ठेवली पाहिजे. टानूचे सभासदत्व फक्त आफ्रिकी माणसांना खुले होते. आशियाई वा युरोपीय माणसाला, तो कितीही सहानुभूतीदार असला तरी, पक्षाचे कार्ड मिळत नसे.

पेच

निवडणुकीच्या नियमांचे तीन भाग होते आणि तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय त्यांचा खरा परिणाम दिसत नाही.

पहिला भाग मताधिकाराचा. वयाची २१ वर्षे आणि काही वर्षांचा रहिवास असलेल्या माणसाला आणखी तीनपैकी एक अट पुरी करावी लागे : वर्षाला किमान १५० पौंड उत्पन्न, आठवीपर्यंतचे शिक्षण, किंवा टोळीप्रमुख, स्थानिक कौन्सिलचा सभासद अशा ठरावीक पदांपैकी एखादे पद. १५० पौंड म्हणजे त्या वेळचे ३,००० शिलिंग, महिन्याला २५०. सिसालच्या मळ्यावर घायपाताची पाने कापणारा मजूर या आकड्याच्या जवळपासही जात नव्हता. कापूस किंवा कॉफी पिकवणारा एखादा बरा शेतकरी जात असेल, पण ते सिद्ध करायला त्याच्याकडे पगारपत्रक नव्हते. शाळेची आठवी इयत्ता तर फार थोड्यांनी पाहिली होती. टानूची कार्डे दारोदार खपवणाऱ्या, सभांना गर्दी जमवणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना या तिन्ही दारांतून आत येता येत नव्हते. दोन्ही टप्पे मिळून यादीत नाव लागलेले मतदार साठ हजारांच्या आतच राहिले. हजार माणसांमागे सात, असा हा हिशेब होता.

दुसरा भाग मतदारसंघांचा. दहा मतदारसंघ होते, प्रत्येकातून तीन सभासद निवडायचे, आणि ते अनुक्रमे एक आफ्रिकी, एक आशियाई व एक युरोपीय असलेच पाहिजेत. मतदारयादी मात्र एकच, सगळ्या वंशांची मिळून. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर स्वतंत्र मतदारसंघ नव्हते, संयुक्त मतदारसंघात राखीव जागा होत्या. १९३२ च्या पुणे कराराची आठवण मराठी वाचकाला इथे होणारच, पण साम्य ढाच्यापुरतेच आहे. पुण्यात राखीव जागा संख्येने अल्प व पिडलेल्या समाजासाठी होत्या. टांगानिकात त्या संख्येने अल्प पण सत्तेच्या व पैशाच्या जवळ असलेल्या समाजांसाठी होत्या, आणि त्याही तीनांतल्या दोन.

तिसरा भाग खरा पेच घालणारा होता. प्रत्येक मतदाराने तिन्ही मते दिलीच पाहिजेत, प्रत्येक वंशाच्या एकेका उमेदवाराला एकेक. एक जरी मत कोरे सोडले तर सगळी मतपत्रिका बाद. मुंबई प्रांतात १९३७ च्या निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघातल्या मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत होती, आणि डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला त्या सोयीचे मोल चांगले ठाऊक होते. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतल्या द्विसदस्य मतदारसंघात ‘मते कुजवली’, म्हणजे मुद्दाम वाया घालवली, असा आरोप होऊन मोठा वाद झाला होता. टांगानिकात ना मते एकवटता येत होती, ना कुजवता येत होती. दुसरे व तिसरे मत कुजवले की पहिलेही कुजत असे.

सरकारचा युक्तिवाद असा, की या सक्तीमुळे प्रत्येक उमेदवाराला दुसऱ्या वंशाच्या मतदारांकडे जावे लागेल आणि भडक भाषा आपोआप मागे पडेल. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण या सक्तीचा दुसरा उपयोगही सरकारला दिसत असणार. ज्या पक्षात आशियाई व युरोपीय सभासदच नाहीत त्याच्याकडे तीनांपैकी दोन जागांसाठी उमेदवार नसणार, त्याच्या मतदारांची दोन मते नाइलाजाने दुसऱ्याच्या पेटीत पडणार, आणि तिन्ही वंशांचे उमेदवार तयार ठेवून बसलेला पक्ष एकच होता.

न्येरेरे १९५७ मध्ये काही महिने सरकारनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात होते. तीन मतांची सक्ती काढावी यासह त्यांच्या सूचना फेटाळल्या गेल्यावर डिसेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यामुळे पुढच्या महिन्यात पक्षाची वार्षिक परिषद भरली तेव्हा सभासदांची समजूत अशी होती, की अध्यक्षांनीच या नियमांचा निषेध करून कौन्सिल सोडले आहे, तर पक्षानेही निवडणुकीकडे पाठ फिरवावी.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बहिष्काराचा होता, आणि त्याच्या जोडीला सार्वत्रिक संपाचा. भावनेच्या दृष्टीने तोच सर्वांत सोपा होता, कारण अपमानकारक नियम अपमानकारक आहेत असे म्हणून मोकळे होता येत होते. त्याची किंमत मात्र लगेच दिसत होती. टानू नसताना तीसच्या तीस जागा यूटीपीला आंदण मिळाल्या असत्या, सरकारला न्यूयॉर्कमध्ये ‘हे पाहा लोकनियुक्त प्रतिनिधी’ म्हणून त्यांना मिरवता आले असते, आणि मग रस्त्यावर उरलेल्या टानूवर शांतताभंगाच्या नावाखाली बंदी घालणे सोपे झाले असते. शेजारच्या केनियात आणीबाणीची वर्षे चालू होती. बंदी आणि स्थानबद्धता म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

दुसरा पर्याय अर्धवट उतरण्याचा : फक्त आफ्रिकी जागा लढवाव्यात आणि उरलेली दोन मते मतदाराच्या मर्जीवर सोडावीत. यात पक्षाचे सोवळे शाबूत राहत होते. पण दहा आफ्रिकी जागा सगळ्या जिंकल्या तरी वीस जागांवर कोण येईल हे टानूच्याच मतदारांच्या बेवारस मतांनी ठरले असते.

तिसरा पर्याय सर्वांत अवघड. निवडणूक पूर्ण लढवायची, आणि पक्षात ज्यांना प्रवेश नाही अशा आशियाई व युरोपीय माणसांना पक्षाचा पाठिंबा जाहीर करून त्यांच्यासाठी मते मागायची. तीन वर्षे गावोगाव ‘देश आमचा’ म्हणून सांगत फिरलेल्या शाखाचालकाने आता त्याच गावात जाऊन एका गोऱ्या शेतकऱ्याला मत द्या म्हणायचे. त्यातही सगळे जिंकूनही सत्ता मिळणार नव्हती, कारण कौन्सिलातले सरकारी बहुमत कायमच राहणार होते.

बहिष्कार आणि प्रवेश यांचा हा वाद आपल्याला परका नाही. टिळकांची प्रतियोगी सहकारिता, १९२० चा कौन्सिल-बहिष्कार, त्यानंतरचे फेरवादी आणि नाफेरवादी, म्हणजे कौन्सिलप्रवेशाच्या बाजूचे आणि विरोधातले, केळकर-जयकरांचे राजकारण, हे सगळे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे तो वाद पुष्कळसा तत्त्वाच्या पातळीवर गेला. टांगानिकात तो अखेर मतपत्रिकेवरच्या दोन खुणांपाशी येऊन ठेपला, आणि माझ्या मते म्हणूनच तो सुटला.

ताबोरा : पहिला निर्णयबिंदू

जानेवारी १९५८ मध्ये मध्य रेल्वेमार्गावरच्या ताबोरा या गावी परिषद भरली. कारवाँच्या जुन्या वाटेवरचे, आंब्याच्या जुन्या झाडांचे हे गाव न्येरेरे यांना शाळकरी वयापासून ओळखीचे होते, कारण ते तिथल्याच सरकारी शाळेत शिकले होते. परिषदेचा कल सुरुवातीला स्पष्टपणे बहिष्काराकडे होता.

न्येरेरे यांनी नियमांचे समर्थन केले नाही, आणि त्यांच्या यशाचे मर्म मला इथे दिसते. नियम वाईट आहेत यावर दुमत नाही असे गृहीत धरून त्यांनी चर्चेचा रोख बदलला. नियम मान्य आहेत का हा प्रश्न बाजूला पडला, आणि आपण बाहेर राहिलो तर आत कोण बसेल हा प्रश्न पुढे आला. पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीचे उदाहरण ताजे होते. १९५१ मध्ये तिथले स्वातंत्र्यवादी नेते एन्क्रुमा यांच्या पक्षाने, ज्या घटनेला तो फसवी म्हणत होता तिच्याखालीच निवडणूक लढवली. एन्क्रुमा तुरुंगात असताना अक्रामधून प्रचंड मतांनी निवडून आले, आणि मार्च १९५७ मध्ये तो देश घाना म्हणून स्वतंत्रही झाला होता.

परिषदेने निवडणूक लढवण्याचा ठराव केला आणि जबाबदार सरकाराची, म्हणजे लोकनियुक्त प्रतिनिधींना उत्तर देणाऱ्या सरकाराची, मागणी ठरावीक मुदतीत मान्य न झाल्यास पुढचे पाऊल उचलण्याची तयारीही नोंदवली. तहाचा कागद आणि लढ्याची तारीख एकाच ठरावात बांधल्याने विरोधकांना तोंड दाखवायला जागा राहिली. स्वाहिलीत हा निर्णय पुढे ‘उआमुझी वा बुसारा’, म्हणजे शहाणपणाचा निर्णय, म्हणून ओळखला जाऊ लागला.

तरी फूट टळली नाही. झुबेरी म्तेम्वू यांनी पक्ष सोडून आफ्रिकन नॅशनल काँग्रेस काढली. ‘आफ्रिका आफ्रिकनांची’ हे तिचे म्हणणे होते, आणि टानू गोऱ्यांच्या व आशियाईंच्या दावणीला बांधला गेला हा तिचा आरोप होता. मतपेटीत या पक्षाला फारसे काही मिळाले नाही, पण त्याने बोलून दाखवलेली भावना टानूच्या आतही शिल्लक होतीच.

उमेदवारांची निवड : दुसरा निर्णयबिंदू

लढायचे ठरले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. पाठिंबा कोणाला द्यायचा? आशियाई समाजात १९५० पासून काम करणारी एशियन असोसिएशन ही संघटना जातवार प्रतिनिधित्वाच्या विरोधात होती, आणि तिच्यातल्या तरुण मंडळींचे टानूशी संबंध चांगले होते. ही ओळख निवडणुकीसाठी घाईने जमवलेली नव्हती, आधीपासूनची होती, म्हणून उपयोगी पडली. अमीर जमाल, सोफिया मुस्तफा असे उमेदवार त्यातून पुढे आले. युरोपीय जागांसाठी किलिमांजारोच्या बाजूला शेती करणारे डेरेक ब्राइसन, दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या, जन्माने अमेरिकन असलेल्या लेडी मेरियन चेशम अशी माणसे पाठिंब्याला पात्र ठरली.

इथे एक व्यावहारिक अडचण विचारात घ्या. शाखाचालकाला मतदाराला तीन नावे पाठ करून द्यायची होती, त्यांतली दोन त्याने स्वतः कदाचित महिन्यापूर्वी पहिल्यांदा ऐकली असतील, आणि एक चुकले तर तिन्ही बाद होणार होती. प्रचाराची एरवीची पद्धत, म्हणजे एकच नाव, एकच घोषणा, इथे चालत नव्हती. त्यामुळे पक्षाची शिस्त वैयक्तिक लोकप्रियतेपेक्षा मोलाची ठरली. आपला माणूस कोण हे मतदाराला ठाऊक होते, उरलेले दोघे आपले कसे हे मात्र त्याला कोणीतरी विश्वासाचे सांगावे लागत होते. यूटीपीकडे तिन्ही वंशांचे उमेदवार होते, पण ही सांगणारी माणसे नव्हती.

दंड की तुरुंग : तिसरा निर्णयबिंदू

निवडणूक तोंडावर असताना आणखी एक फाटा फुटला. ‘साउती या टानू’ या पक्षपत्रिकेतल्या मे १९५८ च्या एका लेखात काही जिल्हा आयुक्तांवर झोड उठवली होती, आणि त्यावरून न्येरेरे यांच्यावर फौजदारी अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला. बचावासाठी लंडनहून डी. एन. प्रिट आले, स्थानिक वकिलांत भारतीय वंशाची मंडळी होती. ऑगस्टमध्ये न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा दिली : १५० पौंड दंड किंवा सहा महिने कैद. माणसाला मतदार होण्यासाठी वर्षाला जेवढे उत्पन्न लागे, नेमका तेवढाच हा दंड होता. हा योगायोग असेल, पण पाहणाऱ्याच्या नजरेतून तो सुटत नाही.

एन्क्रुमा यांच्या उदाहरणाने तुरुंगाची वाट मोहाची होती. हुतात्म्याला मते मागावी लागत नाहीत. पण सहा महिने म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे निवडणुकीचे जवळपास दोन्ही टप्पे अध्यक्षाविना काढणे, आणि ज्या पक्षात सात महिन्यांपूर्वी फूट पडली होती, ज्याच्या कार्यकर्त्यांना संयम हाच मोठा भार वाटत होता, त्याला त्या वेळी सोडून आत जाणे. बाहेर एखादी दंगल उसळली असती तर सरकारला निवडणूक पुढे ढकलण्याचे निमित्त मिळाले असते. न्येरेरे यांनी दंड भरून बाहेर राहणे पत्करले. त्याच सुमारास ट्वायनिंग जाऊन सर रिचर्ड टर्नबुल गव्हर्नर म्हणून आले होते. केनियातली आणीबाणी त्यांनी आतून पाहिली होती, आणि तसे काही टांगानिकात घडू नये ही त्यांचीही गरज होती. नव्या गव्हर्नरला बोलायला कोणी समोर असावे लागते, आणि ते कोणी तुरुंगात नव्हते.

मतदान आणि परिणाम

पहिल्या टप्प्याचे मतदान ८ व १२ सप्टेंबर १९५८ रोजी पाच मतदारसंघांत झाले, दुसऱ्याचे ९ व १५ फेब्रुवारी १९५९ रोजी उरलेल्या पाचांत. न्येरेरे स्वतः पूर्व प्रांतातून उभे होते. त्यांच्या विरोधात मोरोगोरोकडचे पॅट्रिक कुनांबी होते, आणि निकाल साधारण २,६०० विरुद्ध ८०० मते असा लागला. आकडे एखाद्या तालुक्याच्या सोसायटीच्या निवडणुकीचे वाटावेत इतके लहान आहेत, पण मतदारयादीच तेवढी होती.

टानूच्या आणि टानूने पाठिंबा दिलेल्या उमेदवारांनी यूटीपीचा धुव्वा उडवला. यूटीपीच्या हाती जवळपास काहीच लागले नाही, आणि दुसऱ्या टप्प्यापर्यंत तो पक्ष जवळपास नाममात्रच उरला होता. असे का झाले हे नियमांतच दडलेले होते. संकुचित यादीतही आफ्रिकी मतदारच संख्येने मोठे होते, आणि प्रत्येकाला तीन मते देणे सक्तीचे असल्याने आशियाई सभासद कोण होणार, युरोपीय सभासद कोण होणार, हेही तेच ठरवणार होते. आशियाई वा युरोपीय मतदार फक्त आपापल्या जागेसाठी मत देत असते तर यूटीपीला त्या वीस जागांवर काही आशा होती. बहुसंख्याकांना वेसण म्हणून घातलेल्या दोरीचे दुसरे टोक त्यांच्याच हातात होते, आणि ताबोऱ्याला ते त्यांच्या लक्षात आले.

१४ ऑक्टोबर १९५८ रोजी नव्या कौन्सिलाचे उद्घाटन करताना टर्नबुल यांनी सांगितले, की स्वराज्य येईल तेव्हा कायदेमंडळात आणि सरकारात आफ्रिकनांचेच प्राबल्य असणे स्वाभाविक आहे. समान वाटणीचे सूत्र त्या दिवशी सरकारी तोंडूनच निकालात निघाले. जुलै १९५९ मध्ये पाच लोकनियुक्त सभासद मंत्री झाले : चीफ अब्दुल्ला फुंडिकिरा, जॉर्ज काहामा, सॉलोमन एलियुफू, अमीर जमाल आणि डेरेक ब्राइसन. सर रिचर्ड रॅमेज यांच्या समितीने मताधिकार रुंदावण्याची आणि तीन मतांची सक्ती काढून टाकण्याची शिफारस केली, ती मान्य झाली. ऑगस्ट १९६० च्या निवडणुकीत ७१ पैकी ७० जागा टानूकडे गेल्या, त्यांपैकी ५८ बिनविरोध. ९ डिसेंबर १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला.

वेगळे काय करता आले असते

सरकारच्या बाजूने पाहिले तर तीन मतांची सक्ती ही चूक होती, आणि ती त्याच्याच हिशेबाने चूक होती. ज्या मवाळ आशियाई व युरोपीय पुढाऱ्यांना जपायचे होते, त्यांना त्यांच्या स्वतःच्या समाजातही आधार उरला नाही, कारण निवडून यायचे तर टानूच्या दारी जाणे भाग होते. ही सक्ती १९५७ मध्येच सोडली असती तर न्येरेरे यांचा राजीनामा टळला असता आणि यूटीपीलाही काही काळ जीव राहिला असता. सरकारने मर्जीतला पक्ष उभा करण्यात जी शक्ती घालवली ती मतदारनोंदणी रुंदावण्यात घालवली असती तर अधिक बरे झाले असते असे मला वाटते, पण वसाहतीच्या सरकाराकडून तशी अपेक्षा करणे म्हणजे बाभळीकडे आंबे मागण्यासारखे आहे.

टानूच्या बाजूने हिशेब इतका सरळ नाही. उतरण्याचा निर्णय योग्य होता याबद्दल मला शंका नाही. प्रश्न तो घेण्याच्या आणि समजावण्याच्या पद्धतीचा आहे. ताबोऱ्याला अन्य वंशीयांशी भागीदारी ही डावपेचाची गरज म्हणून पटवली गेली : नियम असा आहे, म्हणून दोन मते त्यांना. डावपेच सगळ्यांना पटला, पण देश सगळ्यांचा आहे हे तत्त्व त्यामागे अनेकांना तेवढेच पटले असेल असे नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आले असताना, नागरिकत्वाच्या विधेयकावर विधानसभेत टानूच्याच काही सभासदांनी नागरिकत्व आफ्रिकनांपुरते ठेवावे अशी मागणी केली, आणि न्येरेरे यांना राजीनाम्याची भाषा करून ती परतवावी लागली. ताबोऱ्याला पुढे ढकललेला वाद तिथे परत उभा राहिला.

विरोधी पक्षाचा प्रश्नही आहे. यूटीपी सरकारी कृपेने जन्मली होती म्हणून तिच्या नाशाचे कोणाला वाईट वाटले नाही. म्तेम्वू यांचा पक्ष वंशवादी होता म्हणून त्याच्या पराभवाचेही नाही. पण दोन निवडणुका अशा गेल्या की त्यांत खरी लढत जवळपास झालीच नाही, आणि १९६२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत म्तेम्वू यांना दोन टक्क्यांच्या आसपास मते पडली. १९६५ मध्ये एकपक्षीय राज्यघटना आली तेव्हा तिला विरोध करणारी बाके आधीच रिकामी होती. १९५८ मध्ये पाठिंब्यावर निवडून आलेल्या अन्य वंशीय सभासदांना टानूबाहेरची पण टानूला जाब विचारणारी अशी काही जागा मिळाली असती का, हे तपासण्यासारखे होते. त्यांनी तो प्रयत्न केला नाही, आणि ज्यांच्या मतांवर ते आले होते ते पाहता करणे सोपेही नव्हते.

आणि पक्षाच्या सभासदत्वाचे काय? १९५८ मध्ये ते सर्वांना खुले करणे शक्य नव्हते असे म्हटले जाते, आणि ताबोऱ्याचा ताण पाहता ते खरेही असावे. पण विजयानंतर, १९५९ मध्ये किंवा १९६० मध्ये, शक्य होते. ते झाले जानेवारी १९६३ मध्ये. तोवर अमीर जमाल आणि डेरेक ब्राइसन हे दोघे टानूच्या मतांवर निवडून आले होते, साडेतीन वर्षे मंत्री होते, आणि टानूचे सभासद मात्र नव्हते.